स्वतःची सीडी काढायची आहे: किती प्रती, कुठे, कशा? (सांगली-मिरज)

कृष्णाकाठचा_पेटीवाला

नमस्कार मंडळी. आमचा सांगलीचा चौघांचा संच आहे. गायिका, पेटी, तबला आणि ऑर्गनवर एक उत्साही पोरगा. दिवाळी पहाट, कोजागरी, गणेशोत्सव असे कार्यक्रम करतो, भर नाट्यसंगीतावर. आता ९ पदं आणि आमच्याच एका कवीमित्राची २ भावगीतं रेकॉर्ड करून झालीत, सगळी मिळून ५८ मिनिटं. सीडी स्वतःच काढायची, कुठल्या कंपनीच्या दारात जायचं नाही, असं ठरलंय. प्रकाशन भावे नाट्यमंदिरात करायचा विचार आहे.

पुण्या-मुंबईहून कोटेशनं मागवली. सगळ्यांचं एकच पालुपद: हजार काढा, प्रत स्वस्त पडते. आणि ते खोटंही नाही, पाचशेच्या आणि हजारच्या एकूण रकमेत फार अंतर नाही. मग हजारच काढाव्यात का? शिवाय परवानग्या, कव्हर, मास्टरिंग यातलं ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा. ऐकीव माहिती आमच्याकडे भरपूर आहे.

विश्रामबाग_कट्टा

सीडी? माझ्या मेहुण्यानं तासगावला द्राक्षबागेत टांगल्यात, पाखरं उडवायला. तेवढाच उपयोग राहिलाय बघा. यूट्यूबवर टाका आणि मोकळे व्हा.

हरिपूरची_हळद

कट्टा, तुम्ही कधी नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाला आलाय का? समोर साठीच्या पुढची मंडळी असतात. त्यांच्या घरी प्लेअर आहे, तो चालू आहे, आणि यूट्यूबवर पद अर्ध्यात तोडून साबणाची जाहिरात लागली की ती खवळतात. सीडीला गिऱ्हाईक आहे. थोडं आहे, पण पक्कं आहे.

आयर्विन_पुलाखाली

पेटीवाले, हजारचा विषय आधी संपवू.

सीडी दोन पद्धतींनी निघते आणि कोटेशन देणारे हा फरक नीट सांगत नाहीत. पहिली रेप्लिकेशन. यात आधी काचेवर ग्लास मास्टर होतो, त्यावरून निकेलचा स्टॅम्पर, आणि त्या स्टॅम्परवर वितळलेल्या पॉलीकार्बोनेटच्या तबकड्या दाबून काढतात. मग अॅल्युमिनियमचा पातळ थर, वर लॅकर, वर छपाई. गणपतीच्या साच्यासारखंच गणित: खर्च साच्याचा, मग एक काढा नाहीतर हजार. म्हणून पाचशे आणि हजारमध्ये फरक कमी दिसतो. दुसरी पद्धत डुप्लिकेशन. तयार कोऱ्या सीडी-आर घेऊन लेसरनं रंगद्रव्याच्या थरावर डेटा जाळायचा. साचा नाही, त्यामुळे पन्नास काढा, शंभर काढा, प्रतीमागे दर जवळपास तोच. उलटी करून बघितली की कळतं. दाबलेली चांदीसारखी असते, जाळलेलीला निळसर-हिरवट झाक मारते.

जाळलेली सीडी बहुतेक ठिकाणी वाजते, पण जुने डेक आणि गाडीतले प्लेअर कधी कधी रुसतात. उन्हात तिचं रंगद्रव्यही खराब होतं. एप्रिलमध्ये सांगलीत गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या सीडीचं काय होईल ते सांगायला नको.

आता खरा प्रश्न. तुमची सीडी दुकानात विकली जाणार नाही. ती हातातून हातात जाणार आहे, म्हणून किती काढायच्या हे प्रेसवाल्याच्या दरपत्रकावरून ठरवू नका, वर्षभरात तुमच्यासमोर किती माणसं बसतात त्यावरून ठरवा. दहा कार्यक्रम धरा, प्रत्येकी दोनशे श्रोते. त्यातले निम्मे तेच ते, दर वर्षी येणारे. उरलेल्यांपैकी दहातला एक जरी विकत घेणारा निघाला तरी शंभर प्रती झाल्या. नातेवाईक, साथीदार, भेटीच्या प्रती मिळवा, दीडशे. मग हजार कुणासाठी? ती हजारावी प्रत स्वस्त पडते कारण ती कुणी घेणारच नसतं. साडेआठशे डब्या माळ्यावर ठेवून वर प्रत स्वस्तात पडली म्हणायचं, याला काय अर्थ आहे?

माझं मत: पहिल्या खेपेला २०० ते ३००. एवढ्याला दाबून देणारा भेटला तर उत्तमच, पण बरेच जण पाचशेच्या खाली हात लावत नाहीत. मग चांगल्या कंपनीच्या सीडी-आर घेऊन जाळून घ्या आणि वाचलेला पैसा मास्टरिंग आणि कव्हरवर घाला. संपल्या तर परत काढता येतात.

विश्रामबाग_कट्टा

+१. आणि कागदी स्टिकर चिकटवू नका एवढं ऐका. आमच्या सोसायटीच्या गॅदरिंगच्या सीडीवर गोल स्टिकर लावले होते. उन्हाळ्यात कडा सुटल्या आणि एक सीडी गाडीच्या प्लेअरमध्येच अडकून बसली. प्रिंटेबल सीडी-आर मिळतात, त्यांवर थेट छापा.

हरिपूरची_हळद

बघा, पाखरं उडवणारा माणूस स्टिकरचे सल्ले द्यायला लागला :)

तारेवरची_बोटं

मी मिरजेत रेकॉर्डिंगचं काम करतो. मास्टरिंगबद्दल थोडं सविस्तर.

मिक्सिंग झालं म्हणजे सीडी तयार झाली असं नाही. अकराही पदं एका बैठकीत ऐकल्यासारखी वाटली पाहिजेत. आवाजाची पातळी, दोन पदांमधली शांतता, क्रम, हे मास्टरिंगमध्ये होतं. शक्यतो ज्यानं मिक्स केलं त्याच्याकडून मास्टर करून घेऊ नका. त्याचे कान त्या आवाजाला सरावलेले असतात.

ऑडिओ सीडीचं मानक १९८० मध्ये फिलिप्स आणि सोनीनं ठरवलं. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. तुम्ही २४ बिटमध्ये रेकॉर्ड केलं असेल (केलं असेलच) तर १६ वर एकदाच, अगदी शेवटी, डिदर (मुद्दाम मिसळलेली अगदी बारीक खरखर) लावून उतरायचं. मधल्या टप्प्यांवर नाही. आणि हात जोडून विनंती, प्रेसला एमपी३ पाठवू नका. गायिकाबाईंनी पसंत केलेली फाईल व्हॉट्सअॅपवर आली, तीच पुढे ढकलली, असं होताना मी पाहिलंय. ती फाईल आधीच दाबून बारीक केलेली असते. ऑर्गनचा खर्ज आणि तंबोऱ्याची आस तिथंच मेलेली असते.

प्रेसला द्यायची ती डीडीपी. ही एक फाईल नसते, एक फोल्डर असतं. ऑडिओ, ट्रॅकच्या जागा, आयएसआरसी कोड, सगळं त्यात आणि सोबत चेकसम (पडताळणीचा आकडा). तो जुळला म्हणजे वाटेत काही बिघडलं नाही. हाती जाळलेली मास्टर सीडी कुरियरनं पाठवण्यापेक्षा हे बरं.

एक बारीक गोष्ट. सीडीवर सेकंदाचे ७५ भाग असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. ट्रॅक तिथंच सुरू होऊ शकतो. तुमच्याकडे आलापातून थेट पद सुरू होत असेल आणि मधे नवा ट्रॅक नंबर द्यायचा असेल तर काप फ्रेमच्या सीमेवरच हवा. नाहीतर जोडावर टिक् असा आवाज येतो. शांत तंबोऱ्यावर तो असा ऐकू येतो की बस.

आवाज मोठा करण्याचा मोह टाळा. यूट्यूब, स्पॉटिफाय स्वतःच पातळी सारखी करतात, तिथं ओरडून फायदा नाही. सीडीवर ते कुणी करत नाही, पण ऐकणाऱ्याच्या हातात बटण आहे की. तान वर गेली की वर जाऊ द्या, समेवर तबला उठू द्या. सगळं एका पातळीवर ठोकून बसवलं तर नाट्यपदातलं नाट्यच जातं.

अवांतर: तंबोरा खरा लावलाय की इलेक्ट्रॉनिक? मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मिरजेपासून दहा किलोमीटरवरची मंडळी डबा लावून रेकॉर्ड करतात. राग मानू नका.

कृष्णाकाठचा_पेटीवाला

राग कसला. खराच आहे, मिरजेतूनच जवारी लावून आणलेला. तो मात्र दर अर्ध्या तासाला उतरत होता, पंखा बंद करून घाम गाळत बसलो होतो सगळे.

आयर्विन, तुमचं गणित पटलं. तबलजी अजून हजारवर अडून आहे, त्याला हा धागा वाचायला दिलाय. आयएसआरसी म्हणजे काय ते सांगा. आणि बारकोड लागतो का?

तारेवरची_बोटं

आयएसआरसी म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा १२ अक्षर-अंकी ओळख क्रमांक. गाण्याचा नाही, त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा. तेच पद पुढच्या वर्षी परत गायलात तर नवा क्रमांक. भारतात हे काम इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था बघते. ऑनलाइन वितरणवाल्यांकडून गेलात तर बहुतेक जण स्वतःच देतात. सीडीवर आणि ऑनलाइन एकच क्रमांक वापरा, म्हणजे मोजदाद एका ठिकाणी होईल. म्हणून ऑनलाइनची नोंदणी आधी आणि डीडीपी नंतर.

बारकोड दुकानासाठी. टेबलावर विकणार असाल तर गरज नाही.

हो, आणि सीडी-टेक्स्टमध्ये (प्लेअरच्या पडद्यावर दिसणाऱ्या नावांत) देवनागरी चालत नाही. नावं रोमनमध्येच घालावी लागतील.

डीटीपीवाली_माई

कव्हरबद्दल मी सांगते, मारुती चौकात छपाईची कामं करण्यात निम्मं आयुष्य गेलंय.

मराठी मजकुराचा घोळ हमखास होतो. इथं आपण कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) जुन्या फॉन्टात टाइप करतो, प्रेसवाल्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसतो. मग ‘संगीत’चं काहीतरी भलतंच उमटतं. युनिकोड असला तरी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रफार उडतो, जोडाक्षरं सुटी होतात, पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. उपाय एकच. मजकूर तीनदा वाचून झाला की सगळं कन्व्हर्ट टू कर्व्ह करायचं (म्हणजे अक्षरांचे आकार करायचे, फॉन्ट लागत नाही), पीडीएफ काढायची, आणि ती पीडीएफ दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर उघडून वाचायची. मोठ्यानं वाचायची. कलाकारांची नावं, आडनावं, एकेक. तबलजीच्या आडनावातला अनुस्वार गेला तर तो वर्षभर बोलत नाही.

मापं तुम्ही ठरवू नका. डबी, डिजिपॅक (घडीचा पुठ्ठा), साधं पाकीट, प्रत्येकाचा साचा प्रेसवाला देतो, त्यातच काम करा. चहूबाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यात जाणारी जादा छपाई) सोडा, रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंत) ठेवा. मोबाइलवर झळाळणारा केशरी कागदावर विटकरी येतो, हे आधीच स्वीकारा. प्लास्टिकची डबी घेणार असाल तर कण्यावर नाव टाकायला विसरू नका. कपाटात रांगेत लावल्यावर तेवढंच दिसतं आणि निम्मे लोक तीच पट्टी कोरी सोडतात.

डबी की पुठ्ठा? मी पुठ्ठ्याच्या बाजूनं. पोस्टानं पाठवली की डबीचे मधले दात तुटतात आणि सीडी आत खुळखुळत फिरते. पण पदांचे शब्द छापायचे असतील तर पुस्तिका लागेलच, आणि नाट्यसंगीताच्या श्रोत्याला शब्द हवे असतात. अक्षर मोठं ठेवा हो. पांढऱ्यावर काळं. गर्द जांभळ्यावर सोनेरी बारीक अक्षरं कुणी वाचू शकत नाही, तुमचा डिझायनर काहीही म्हणो.

कोर्टाच्या_पायरीवर

सगळे छपाईवर बोलताय, परवानगीचं कुणी विचारत नाही. पेटीवाले, ९ पदं कुठली ते लिहा. निदान नाटककार आणि संगीतकार तरी.

कृष्णाकाठचा_पेटीवाला

बहुतेक जुनी. देवलांची ३, खाडिलकरांची ४ (त्यातली ‘मानापमान’ची २). उरलेली दोन १९६० नंतरच्या नाटकांतली, चाली अभिषेकीबुवांच्या. जुन्यांना ‘पारंपरिक’ लिहायचं असं आमचं ठरलंय.

कोर्टाच्या_पायरीवर

‘पारंपरिक’ लिहू नका. ती परंपरा नव्हे, माणसांनी लिहिलेली पदं आहेत. हक्क संपला तरी नाव संपत नाही. आणि ज्या गावात ही माणसं वावरली त्या गावच्या सीडीवर त्यांचं नाव नसणं वाईट दिसतं.

आता हक्कांचं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. शब्द आणि संगीत दोन्हींना कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण, मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. शब्द वेगळे मोजायचे, चाल वेगळी. देवल १९१६ मध्ये गेले, त्यांचे शब्द कधीच मोकळे. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणजे २००८ अखेर मोकळे. पण ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ मध्ये गेले, त्या २०१५ अखेर मोकळ्या झाल्या. बाकी पदांचंही असंच तपासा, कारण काही चाली नंतरच्या गायकांनी बदललेल्या असतात आणि आपण तीच बदललेली चाल मूळ समजून गातो.

अभिषेकीबुवा १९९८ मध्ये गेले. त्यांच्या चालींवर २०५८ अखेरपर्यंत हक्क आहे, शब्दांचा हिशेब आणखी वेगळा. ही दोन पदं परवानगीशिवाय सीडीवर घालता येणार नाहीत. कायद्यात कलम ३१सी आहे, पहिल्या रेकॉर्डिंगनंतर पाच वर्षं उलटली की आगाऊ सूचना आणि आगाऊ रॉयल्टी देऊन कव्हर व्हर्जन (त्याच गाण्याचं आपलं नवं रेकॉर्डिंग) काढता येतं. पण त्यात एका रचनेमागे वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची अट आहे. कमी चालणाऱ्या भाषांसाठी हा आकडा खाली आणता येतो, तरी तीनशे प्रतींवाल्यासाठी ती वाट नव्हे. हक्क कुणाकडे आहे ते आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) चौकशी करून शोधा, त्यांच्याकडून रीतसर लेखी परवानगी घ्या. वेळ लागेल. नाही मिळाली तर ती दोन पदं कार्यक्रमात गा, सीडीत नको.

कवीमित्राशीही कागद करा. मैत्री आहे म्हणूनच करा. लेखी करारात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या गाणं ऑनलाइन अमेरिकेत वाजलं की तिढा. साथीदारांचीही लेखी संमती घ्या, वादकाला स्वतःचे हक्क असतात.

शेवटचं, माईंसाठी: कलम ५२ए. सीडीवर आणि कव्हरवर ध्वनिमुद्रण कुणी केलं त्याचं नाव-पत्ता, हक्क कुणाचा त्याचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापणं बंधनकारक आहे. सौजन्य म्हणून चहावाल्यापर्यंत आभार छापतात आणि हे विसरतात.

आयर्विन_पुलाखाली

५२एचं मलाही माहीत नव्हतं. माई, डिस्कवरही जागा ठेवावी लागेल.

विश्रामबाग_कट्टा

तीनशे प्रतींसाठी कोण येतंय बघायला? सगळेच गातात हो अभिषेकीबुवांची पदं.

कोर्टाच्या_पायरीवर

सीडी बघायला कुणी येणार नाही कदाचित. पण तेच रेकॉर्डिंग यूट्यूबवर चढवलं की यंत्र बघतं. दावा लागतो आणि पैसे भलतीकडे जातात. मग तुम्हीच इथं येऊन धागा काढता.

बे_एरियातला_सांगलीकर

इथल्या मंडळाच्या गणपतीत लोक सीडी हातात घेतात, कौतुकानं उलटीपालटी करतात आणि विचारतात, डाउनलोड कुठून करायचं? लॅपटॉपला ड्राइव्हच नाही कुणाच्या. म्हणून आतल्या कागदावर एक क्यूआर कोड छापा, त्यावरून पूर्ण दर्जाच्या फाईली उतरवता याव्यात. बँडकॅम्पवर डाउनलोड कोडची सोय आहे. सीडी घेणारा आठवण म्हणून घेतो, ऐकतो फोनवर. क्यूआर स्वतःच्या पानाकडे न्या, तिसऱ्याच कुणाच्या लिंककडे नको, उद्या ती बंद पडली तर छापलेला कोड बदलता येत नाही.

हरिपूरची_हळद

विक्रीचं मी सांगते, आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांना टेबल मीच सांभाळते.

विक्री मध्यंतरात होते. कार्यक्रम संपल्यावर नाही! संपल्यावर सगळ्यांचं लक्ष पार्किंगकडे आणि शेवटच्या बसकडे. मध्यंतरात चहाचा कप हातात असतो, नुकतंच ऐकलेलं पद डोक्यात असतं, तेव्हा टेबल चहाच्या वाटेवर पाहिजे, कोपऱ्यात नाही. किंमत गोल ठेवा. दीडशे किंवा दोनशे, एकशे ऐंशी नको, सुट्ट्यांत वेळ जातो आणि मागे रांग तुटते. पैसे देण्याचा क्यूआर मोठा छापून उभा करा. आणि टेबलावर कलाकाराच्या घरचं माणूस बसवू नका. त्याला ओळखीचा कुणी भेटला की तो फुकट देतो. ठरलेल्या भेटीच्या प्रती आधीच बाजूला काढून पिशवीत बांधा. सांगली आकाशवाणी, नगर वाचनालय, पत्रकार, प्रमुख पाहुणे, साउंडवाले.

प्रकाशनाच्या प्रती रंगीत कागदात बांधता ना, तेव्हा चिकटपट्टी एकच लावा. मागच्या दिवाळीत पाहुण्यांना नखानं पाच मिनिटं सोलत बसावं लागलं, निवेदिका पुन्हा पुन्हा तेच वाक्य म्हणत होती आणि फोटोग्राफर कॅमेरा खाली करून उभा.

कृष्णाकाठचा_पेटीवाला

हाहा, कात्री ठेवतो.

मंडळी, आज बसून ठरवलं. अभिषेकीबुवांच्या पदांची चौकशी सुरू करतो. महिन्याभरात काही कळलं नाही तर ९ ऐवजी ७ पदं आणि २ भावगीतं, मग वेळ ४५ मिनिटांच्या आसपास. प्रती २५०, पुठ्ठ्याचं पाकीट आणि आठ पानी पुस्तिका. तबलजी अडीचशेवर आलाय, कुरकुरत. ‘पारंपरिक’ काढून टाकलं. कवीमित्राला कागदाचं सांगितलं तर तोच म्हणाला, मी वाटच बघत होतो, विचारायला लाजत होतो.

बोटंसाहेब, एक राहिलंच. दोन पदांमध्ये अंतर किती सेकंद ठेवायचं?

तारेवरची_बोटं

ठरीव आकडा नको. सॉफ्टवेअर आपोआप दोन सेकंद टाकतं, ते काढा. द्रुत पद तिहाईवर संपलं तर पुढचं लवकर येऊ द्या. विलंबित करुण पदानंतर तंबोऱ्याची आस पूर्ण विरेपर्यंत थांबा आणि वर एक श्वास. दोन पदांची पट्टी वेगळी असेल तर जरा जास्त, नाहीतर कान आधीच्या षड्जावरच राहतो. भैरवीच्या आधी सगळ्यात जास्त.

कागदावर ठरवू नका, डोळे मिटून ऐका, आणि तबलजीलाही घेऊन या, हाताला ताल माहीत असलेला माणूस अंतर बरोबर सांगतो. डीडीपी बनवायच्या आधी मिरजेत या. रविवारी दुपारी मी स्टुडिओतच असतो.